एकपेशीय सजीवांचे वर्गीकरण : ठाण्याच्या रविवारच्या सूक्ष्मदर्शक मंडळात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातील एका घराच्या गच्चीवर आम्ही काही जण दर रविवारी सकाळी दोन सूक्ष्मदर्शक मांडून बसतो. मासुंदा तलावाचे पाणी, ऐरोलीच्या खाडीकाठचा चिखल आणि कोणाच्या तरी घरचे आंबवलेले इडलीचे पीठ एवढा ऐवज टेबलावर असतो. येणाऱ्यांत आठवीतली मुले असतात, त्यांना सोडायला आलेले आणि मग स्वतःच रमलेले पालक असतात, अकरावी-बारावीचे विद्यार्थीही असतात. काचपट्टीवर काहीतरी हलताना दिसले की पहिला प्रश्न ‘हे काय आहे?’ असा येतो आणि दुसरा ‘हे कोणत्या सृष्टीत मोडते?’ असा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा बरेच अवघड असते. मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे ही उत्तरे लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले.

सगळे एकपेशीय सजीव मिळून एक सृष्टी होते का?

होत नाही. एकाच पेशीत सारा संसार उरकणे ही जगण्याची एक तऱ्हा आहे आणि ती परस्परांशी फारसे नाते नसलेल्या अनेक कुळांत आढळते. इडलीच्या पिठाचा थेंब पाहिला तर त्यात ल्युकोनोस्टॉक या जीवाणूचे बारीक मणी दिसतात आणि त्यांच्याहून कितीतरी मोठ्या, अंडाकृती यीस्टच्या पेशीही दिसतात. दोन्ही एकपेशीय आणि दोन्ही एकाच पातेल्यातले. तरीही यीस्ट कवकांपैकी आहे, आणि कवके व प्राणी उत्क्रांतीच्या एकाच फांदीवरून फुटलेले असल्यामुळे यीस्टचे नाते शेजारच्या जीवाणूपेक्षा ते पीठ वाटणाऱ्या आजींशी अधिक जवळचे आहे. हे ऐकून एक आजी मनापासून हसल्या होत्या, पण विधान शब्दशः खरे आहे.

सृष्टी, संघ, वर्ग या पायऱ्या नेमक्या कशा असतात?

शालेय पाठ्यपुस्तकांत सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी उतरंड दिलेली असते. वनस्पतींच्या बाबतीत संघाच्या जागी ‘विभाग’ हा शब्द वापरण्याची पद्धत आहे, पायरी तीच. तलावाच्या पाण्यात हमखास सापडणाऱ्या पॅरामेशियम कॉडेटमचे उदाहरण घेतल्यास, आजच्या एका प्रचलित पद्धतीनुसार त्याची सृष्टी क्रोमिस्टा, संघ सिलिओफोरा, वर्ग ऑलिगोहायमेनोफोरिया, गण पेनिक्युलिडा आणि कुल पॅरामेशिडी असे सांगितले जाते.

ही उतरंड पाहून अनेकांना वाशी किंवा नेरुळचा पत्ता आठवतो : आधी नोड, मग सेक्टर, मग भूखंड, मग सोसायटी आणि शेवटी घराचा क्रमांक. अठराव्या शतकातील वर्गीकरण खरोखरच असे होते, कारण प्रत्येक सजीवाला सापडेल अशा ठिकाणी ठेवणे हाच त्याचा हेतू होता. उत्क्रांतीचा सिद्धान्त आल्यानंतर मात्र पत्त्याचे काम कुलवृत्तांताकडे गेले. कुलवृत्तांतात कोण कुठे राहतो किंवा कोणता धंदा करतो याला दुय्यम स्थान असते. मूळ पुरुष कोण आणि शाखा कोठे फुटली, हे महत्त्वाचे असते. पुढील बहुतेक प्रश्नांतील गोंधळ पत्ता आणि वंशावळ यांची गल्लत झाल्यामुळे होतो, असे माझे मत आहे.

दोन सृष्टींपासून पाचपर्यंतचा प्रवास कसा झाला?

डेल्फ्टमधील कापडाचे व्यापारी अँटोनी व्हॅन लीवेनहूक यांनी १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात एकपेशीय जीव पाहिले आणि १६८३ मध्ये दातांवरच्या किटणात जीवाणू पाहिले. कार्ल लिनियस यांनी १७३५ मध्ये निसर्गाची प्राणी, वनस्पती आणि खनिजे अशी विभागणी केली तेव्हा हे जीव ठाऊक होऊन साठ वर्षे झाली होती, तरी त्यांना धड जागा मिळाली नाही. पुढच्या एका आवृत्तीत लिनियस यांनी अशा काही जीवांना कृमींच्या गटात टाकले आणि त्या प्रजातीला ‘केऑस’, म्हणजे अनागोंदी, असे नाव दिले. प्रामाणिकपणाचा याहून चांगला नमुना वर्गीकरणाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढे शंभरेक वर्षे हलणारे ते प्राणी आणि हिरवे ते वनस्पती या न्यायाने काम चालले. १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेल यांनी या दोहोंत न बसणाऱ्यांसाठी ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी सुचवली, तिच्यात जीवाणूही होते. हर्बर्ट कोपलँड यांनी १९३८ मध्ये जीवाणूंना वेगळी सृष्टी दिली. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटाकर यांनी कवकांनाही वनस्पतींपासून वेगळे काढून मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी अशी पंचसृष्टी पद्धती मांडली. पेशीची रचना साधी की जटिल, शरीर एकपेशीय की बहुपेशीय आणि अन्न मिळवण्याची रीत कोणती, हे त्यांचे प्रमुख निकष होते.

मग पंचसृष्टी पद्धतीत खोट कोठे आहे?

वनस्पती, प्राणी आणि कवके या तीन सृष्टी काही दुरुस्त्यांसह आजही टिकून आहेत, त्यामुळे ती पद्धती टाकाऊ ठरलेली नाही. खोट आहे ती एकपेशीयांच्या दोन सृष्टींत. केंद्रक नसलेले सारे मोनेरात आणि केंद्रक असूनही प्राणी, वनस्पती किंवा कवक नसलेले सारे प्रोटिस्टात, अशी त्यांची व्याख्या होते. दोन्ही व्याख्यांमध्ये ‘नाही’ हा शब्द आहे, आणि एखाद्याजवळ काय नाही यावरून त्याचे कुळ ठरत नाही.

प्रोटिस्टा सृष्टीची तुलना मी घरातल्या सटरफटरच्या डब्याशी करतो. त्यात सेफ्टी पिन, जुनी किल्ली, रबर आणि एखादे सुटे बटण सापडते, पण म्हणून ती एका जातीची वस्तू होत नाही. ‘बाकी कोठे ठेवावे ते कळले नाही’ एवढाच त्यांचा समान गुण असतो. अमीबा, युग्लीना, पॅरामेशियम, डायटम आणि मलेरियाचा परजीवी हे त्या डब्यातले रहिवासी आहेत. त्यांच्यातील काहींचे परस्परांतील अंतर आंब्याचे झाड आणि माणूस यांच्यातील अंतराच्या तोडीचे आहे.

जीवाणू आणि आर्किया सारखेच दिसतात. त्यांना वेगळे का केले?

आर्किया म्हणजे जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय सजीव. सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे ओळखता येत नाहीत, हे खरे आहे. दोहोंत केंद्रक नसते आणि आकारही गोल किंवा दंडगोल असतात. इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वोझ यांनी दिसण्याचा नाद सोडून प्रत्येक पेशीत असणारा एक रेणू तुलनेसाठी निवडला. प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोममधील हा १६एस आरएनए रेणू सुमारे १,५०० अक्षरांचा असतो, आणि तो प्रत्येक पेशीत तेच काम करत असल्यामुळे त्याच्यातील बदल फार सावकाश साठत जातात. एकच मजकूर पिढ्यान् पिढ्या हाताने नकलून घेतला तर नकलेतल्या चुकांवरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे सांगता येते. तोच न्याय येथे लागू पडतो. १९७७ मध्ये वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की मिथेन तयार करणारे काही तथाकथित जीवाणू इतर जीवाणूंपासून मुळातच दूर आहेत. १९९० मध्ये वोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सृष्टीच्याही वरची ‘डोमेन’ ही पायरी सुचवून जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी (म्हणजे पेशीत केंद्रक असलेले) अशी तीन डोमेने मांडली.

रासायनिक पुरावाही भक्कम आहे. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत सहसा आढळणारे पेप्टिडोग्लायकन आर्कियात नसते, आणि पेशीपटलातील मेद ज्या बंधाने जोडलेले असतात तो जीवाणूंत एस्टर तर आर्कियात ईथर प्रकारचा असतो.

ही मंडळी पाहायला लांब जावे लागत नाही. ठाणे खाडीच्या कांदळवनात ओहोटीच्या वेळी काठी खुपसली की काळा चिखल वर येतो आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असून तो वायू सल्फेटवर जगणारे जीवाणू तयार करतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असल्यामुळे वरच्या थरात त्यांचीच सरशी होते. खाली, सल्फेट संपत आलेल्या थरात, मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांना वाव मिळतो. म्हणजे दोन वेगळ्या डोमेनचे रहिवासी त्याच चिखलात काही वितींच्या अंतराने वरच्या आणि खालच्या मजल्यावर नांदत असतात. गोबरगॅसच्या टाकीतील मिथेनही आर्कियांचाच.

मिठागरात पाणी आटत आले की त्यावर कधी कधी गुलाबी छटा चढते. तिच्यामागे डुनॅलिएला हे शैवाल असते, तसेच अतिखारट पाण्यात वाढणारे आर्कियाही असतात. त्या आर्कियांपैकी एका प्रसिद्ध प्रजातीचे नाव मात्र हॅलोबॅक्टेरियम आहे. नाव दिले तेव्हा आर्किया ही कल्पनाच नव्हती. अशा नावांवरून परीक्षेत गुण गेलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

२०१५ मध्ये या कथेला नवे वळण मिळाले. ग्रीनलँड आणि नॉर्वे यांच्या दरम्यान ‘लोकीज कॅसल’ नावाच्या उष्ण झऱ्यांजवळ समुद्रतळाच्या गाळात मिळालेल्या डीएनएवरून लोकीआर्किया हा गट ओळखला गेला, आणि केंद्रक असलेल्या पेशींतच आढळतात असे मानलेली अनेक जनुके त्यात सापडली. जपानी संशोधकांनी अशा एका आर्कियाची प्रयोगशाळेत वाढ केल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांना सुमारे बारा वर्षे लागली होती. दृश्यकेंद्रकी सजीव आर्कियांच्याच एका शाखेतून निघाले, असे आता अनेक जीवशास्त्रज्ञ मानतात. ते खरे धरले तर मूळ डोमेने दोनच उरतात आणि आपण सगळे त्यांतल्या एकाच्या पोटात येतो.

खाडीच्या चिखलावरची तपकिरी साय वनस्पती आहे का?

हिवाळ्यात ऐरोलीकडे रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी चकाकी पाहिली असेल. ठाणे खाडीतील रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्या परिसराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्ष्यांचे फोटो सगळेच काढतात. ती साय मात्र क्वचितच कोणी पाहतो. चिमटीभर चिखल पाण्यात ढवळून त्याचा थेंब काचपट्टीवर घेतला तर होडीच्या आकाराच्या, काचेच्या डबीसारख्या पेशी सावकाश सरकताना दिसतात. डबीला झाकण असते आणि भिंतीवर ओळीने नक्षी असते. या पेशी डायटम आहेत आणि त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काच ज्या द्रव्यापासून बनते त्याचेच, असते.

त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, म्हणून त्यांना वनस्पती म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यांच्या पूर्वजाने एक लाल शैवाल गिळून ते पचवण्याऐवजी पदरी ठेवले, आणि डायटममधील हरितलवक त्या शैवालाचा वारस आहे. अन्न तयार करण्याचा हा धंदा घराण्यात बाहेरून आला, तेव्हा त्यावरून वनस्पतींशी रक्ताचे नाते सिद्ध होत नाही. डायटमचे कुळ स्ट्रॅमेनोपाइल नावाच्या मोठ्या गटात मोडते.

त्याच गटात नाशिकच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारा डावणी, म्हणजेच केवडा, हा रोगही येतो. त्याचे कारण असलेला प्लाझ्मोपारा पूर्वी कवकांत गणला जात असे, कारण तो धाग्यांनी वाढतो आणि बीजाणू सोडतो. परंतु त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकॅनची असते, कवकांप्रमाणे कायटिनवर उभी नसते, आणि त्याच्या पोहणाऱ्या बीजाणूंना दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे हलणारे धागे, असून त्यांपैकी एकीवर बारीक केसांची झालर असते. या झालरीमुळे त्याचे घराणे ओळखता येते. याउलट त्याच वेलीवरचा भुरी रोग खऱ्या कवकामुळे होतो.

वर्गीकरण हा निव्वळ पंडिती उद्योग आहे असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातील बुरशीनाशके कवकाच्या पेशीत अर्गोस्टेरॉल (पेशीपटलातील एक मेदद्रव्य) तयार होण्याची वाट अडवतात. डावणीचा रोगकारक अर्गोस्टेरॉल तयारच करत नाही, म्हणून त्याच्यावर ती चालत नाहीत. त्याच्यासाठी मेटॅलॅक्झिलसारखी वेगळी औषधे वापरावी लागतात. फवारणीच्या खर्चाशी ज्याचा संबंध आहे त्याला सृष्टी कोणती हे ठाऊक असणे परवडते.

येथे माझीही एक चूक कबूल करतो. मत्स्यपेटीतील मेलेल्या माशावर वाढलेला कापसासारखा पुंजका मी कित्येक वर्षे ‘पाण्यातील बुरशी’ अशी चिठ्ठी लावून विद्यार्थ्यांना कवकांचा नमुना म्हणून दाखवला. तो सॅप्रोलेग्निया होता, म्हणजे डावणीचाच नातेवाईक. एका मुलीने धाग्यांच्या टोकाशी पोहणारे बीजाणू पाहिले आणि ‘सर, बुरशीचे बीजाणू पोहतात का?’ असे विचारले. बहुतेक कवकांचे पोहत नाहीत. चिठ्ठी त्याच दिवशी बदलली.

मलेरियाचा परजीवी प्राणी आहे की आणखी काही?

जुन्या पुस्तकांत प्लाझ्मोडियमला आदिजीव, म्हणजे एकपेशीय प्राणी, म्हणत असत. १८८० मध्ये अल्फोन्स लाव्हेरान यांनी तो अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात पाहिला आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला तो डासाच्या जठरात शोधला. पावसाळ्यात आपल्या भागात ताप आला की बोट टोचून रक्ताची काचपट्टी करतात. गिम्सा रंग दिलेल्या त्या काचपट्टीवर तांबड्या पेशीच्या आत निळसर अंगठी आणि तिच्यावर लालसर खडा असे त्याचे कोवळे रूप दिसते.

त्याचा संघ एपिकॉम्प्लेक्सा. पेशीच्या टोकाशी असलेल्या, यजमान पेशीत घुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रणेवरून हे नाव आले आहे. त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे पॅरामेशियमचा संघ आणि समुद्रात रात्री निळा उजेड पाडणाऱ्या नॉक्टिल्युकाचा गट. तिघांच्याही पेशीपटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर असतो आणि त्यावरून त्यांच्या महागटाला अल्व्हिओलाटा म्हणतात.

सर्वांत नवलाची गोष्ट पेशीच्या आत आहे. मलेरियाच्या परजीवीत चार पटलांचे एक अंगक आढळते आणि ते लाल शैवालापासून आलेल्या हरितलवकाचा अवशेष आहे. त्याचा हिरवेपणा गेला आणि प्रकाशाशी संबंध तुटला, पण काही आवश्यक मेदद्रव्ये तयार करण्याचे काम शिल्लक राहिले. जीवाणूंवरचे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक मलेरियाच्या प्रतिबंधासाठीही वापरतात, ते याचमुळे : हरितलवक मुळात जीवाणूंचा वंशज, त्याचे रायबोसोम जीवाणूंसारखे, आणि औषधाचा मारा त्यांच्यावर होतो.

सगळे अमीबा एकाच संघातले असतात का?

नाहीत. छद्मपाद, म्हणजे पेशीचे तात्पुरते पायासारखे फुगवटे, काढून सरकणे ही चाल अनेक घराण्यांनी स्वतंत्रपणे उचलली आहे. पाठ्यपुस्तकातील अमीबा प्रोटियस अमीबोझोआ गटातला असून आमांश करणारा एंटअमीबा हिस्टोलिटिकाही त्याच मोठ्या गटात येतो. अस्वच्छ कोमट पाण्यातून नाकावाटे मेंदूत जाणारा नेग्लेरिया मात्र युग्लीनाच्या घराण्याकडचा आहे. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशीही तशाच सरकतात, म्हणून त्यांना कोणी अमीबा म्हणत नाही. जातीच्या पातळीवरही रूप फसवते. एंटअमीबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी एंटअमीबा डिस्पार यांच्या पुटी (कवचबंद सुप्त पेशी) साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतोतंत सारख्या दिसतात आणि या दोन जाती रीतसर वेगळ्या मानल्या गेल्या त्या १९९३ मध्ये.

युग्लीना वनस्पती की प्राणी?

दोन्ही नाही, पण नियमांच्या दृष्टीने तो दोन्हीकडे नोंदला गेला आहे. प्राण्यांच्या नामकरणाची संहिता वेगळी, शैवाले, कवके व वनस्पतींची वेगळी आणि जीवाणूंची व आर्कियांची वेगळी. युग्लीना हिरवा असल्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि कशाभिकेने पोहत असल्यामुळे प्राणिशास्त्रज्ञांनी त्याला आपापल्या दफ्तरात घेतले. परिणामी एकाच गटाचे नाव दोन वेगवेगळ्या प्रत्ययांनी लिहिलेले आढळते आणि दोन्ही पुस्तके आपापल्या नियमांनुसार बरोबर असतात. वंशावळीच्या दृष्टीने तो युग्लीनोझोआमध्ये येतो, आणि काळा आजार करणारा लिश्मानिया हा त्याचा बिनहिरवा चुलतभाऊ आहे.

जीवाणूंचे संघ कशावरून ठरतात आणि त्यांची नावे अलीकडे का बदलली?

१८८४ मधील ग्रॅम यांची, जीवाणूंना रंग देऊन त्यांचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट पाडणारी रंगपद्धती आजही प्रत्येक प्रयोगशाळेत उपयोगी पडते, पण त्या जांभळ्या-गुलाबी फरकावरून संघ ठरत नाही. संघ ठरवण्यासाठी १६एस आरएनए आणि आता संपूर्ण जनुकसंच यांची तुलना करतात. २०१४ मध्ये सुचवलेल्या एका ढोबळ मापानुसार दोन जीवाणूंचे १६एस सुमारे ७५ टक्क्यांहून कमी जुळले तर संघ वेगळा आणि ९४.५ टक्क्यांहून कमी जुळले तर प्रजाती वेगळी समजावी. हा आकडा माणसांनी ठरवलेला आहे. दोन घराण्यांना वेगळे आडनाव नेमके कितव्या पिढीपासून द्यावे, याचे उत्तर रक्ततपासणीत मिळत नाही.

नावांचे म्हणाल तर २०२१ पर्यंत जीवाणूंच्या संहितेत संघ या पायरीला अधिकृत स्थानच नव्हते. ते मिळाले तेव्हा संघाचे नाव एखाद्या प्रजातीवरून घ्यावे आणि शेवटी ‘ओटा’ हा प्रत्यय लावावा, असे ठरले. त्यामुळे फर्मिक्युट्सचे बॅसिलोटा झाले आणि प्रोटिओबॅक्टेरियाचे स्यूडोमोनॅडोटा. आपल्या दह्यातील लॅक्टोबॅसिलस पहिल्यात आणि कॉलऱ्याचा व्हिब्रिओ दुसऱ्यात. जुनी नावे अजून सर्रास चालतात. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर येणारी निळसर-हिरवी साय बहुधा सायनोबॅक्टेरियांची असते. मराठीत तिला नील-हरित शैवाल म्हणतात, पण तेही जीवाणूच.

विषाणू कोणत्या सृष्टीत येतात?

वर सांगितलेल्या कोणत्याही सृष्टीत येत नाहीत, कारण त्यांना पेशी नसते. त्यांच्यासाठी वेगळी आंतरराष्ट्रीय समिती आणि वेगळी उतरंड आहे.

मग आज एकूण सृष्टी किती मानाव्यात?

कोणाला विचारता यावर ते अवलंबून आहे. भारतीय शालेय अभ्यासक्रमात पाच मानतात. अमेरिकेतील अनेक पाठ्यपुस्तके आर्किया वेगळे काढून सहा मानतात. थॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांच्या मांडणीवर उभ्या असलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत सात आहेत : जीवाणू, आर्किया, प्रोटोझोआ, क्रोमिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. त्या यादीचा हेतू मोठ्या माहितीसाठ्यांना कामचलाऊ चौकट देणे हा होता. म्हणून वंशावळीपेक्षा ती पत्त्याच्या जवळची आहे, आणि तिच्या कर्त्यांनीही हे लपवलेले नाही.

प्रोटिस्टांचे अभ्यासक २००५ पासून दुसऱ्याच मार्गाने गेले. त्यांनी सृष्टी आणि संघ या पायऱ्यांचा आग्रह सोडून फक्त शाखांना नावे दिली आणि २०१२ व २०१९ मध्ये ती यादी सुधारली. प्राणी, कवके आणि त्यांचे एकपेशीय नातेवाईक एका शाखेत येतात. लाल व हिरवी शैवाले वनस्पतींसह दुसरीत. स्ट्रॅमेनोपाइल, अल्व्हिओलाटा आणि ऱ्हायझेरिया या तिघांच्या आद्याक्षरांवरून तिसरीचे नाव ‘सार’ पडले. मराठी कानाला ते आमसुलाच्या साराची आठवण करून देते आणि मुलांच्या ते चटकन लक्षात राहते. ‘एक्सकॅव्हाटा’ हा महागट मात्र २०१९ मध्ये मोडीत काढला गेला, कारण त्यातील शाखा एका मूळ पुरुषापर्यंत पोहोचतात याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. मला स्वतःला ही पायऱ्यांशिवायची पद्धत अधिक सच्ची वाटते, पण आठवीच्या वर्गात ती शिकवणे किती कठीण जाईल याचीही कल्पना आहे.

परीक्षेत काय लिहावे?

पुस्तकात असेल ते. प्रश्न व्हिटाकर यांच्या पद्धतीवर असेल तर अमीबाची सृष्टी प्रोटिस्टा लिहावी आणि लॅक्टोबॅसिलसची मोनेरा. तेथे सात सृष्टींचा वाद उकरून काढण्यात वेळ जातो. सरळ दिलेल्या उत्तराखाली ‘व्हिटाकर, १९६९ नुसार’ एवढे लिहिले तर ते विधान कायमचे बरोबर राहते.

घरच्या सूक्ष्मदर्शकातून सृष्टी ओळखता येईल का?

थोडीफार येईल. १०० ते ४०० पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. सर्व अंगावर झालरीसारख्या पक्ष्माभिका हलत असतील आणि पेशी स्वतःभोवती फिरत पुढे जात असेल तर सिलिओफोरा संघ म्हणायला हरकत नाही. काचेच्या डबीसारखी नक्षीदार भिंत असेल तर डायटम. हिरवी पेशी, पुढे एक लांब कशाभिका आणि लालसर डोळा असेल तर बहुधा युग्लीना. ज्यांच्यात केंद्रक दिसत नाही अशा बारीक ठिपक्यांपुढे मात्र हात टेकावेत. जीवाणू की आर्किया हे नजरेने सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

नमुना आणताना तळ्याच्या मधले स्वच्छ पाणी घेऊ नये. काठच्या कुजलेल्या पानांवरून थोडे पाणी आणि गाळ घ्यावा, त्यात वाळलेल्या गवताच्या दोन काड्या टाकाव्यात आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवावे, म्हणजे पॅरामेशियम भरपूर मिळतात. बाटलीवर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहावी. कोपरखैरण्याहून एक गृहस्थ घट्ट झाकणाची, काठोकाठ भरलेली बाटली दोन दिवस बॅगेत ठेवून घेऊन आले होते. आतले बहुतेक सारे गुदमरून मेले होते आणि उरले होते ते फक्त हवेविना जगणारे जीवाणू. बाटली अर्धीच भरावी आणि झाकण सैल ठेवावे.